एक 'पी' जास्त

अर्नेस्ट हेमिंग्वेची 'द सन ऑल्सो रायझेस' ही कादंबरी न्यू यॉर्कच्या स्क्रिब्नर्स प्रकाशनानं २२ ऑक्टोबर १९२६ रोजी बाजारात आणली. काळी कापडी बांधणी, तिच्यावर सोनेरी कागदाची लेबलं, किंमत दोन डॉलर, पहिली छपाई ५०९० प्रतींची. या कादंबरीच्या १८१व्या पानावर, सव्विसाव्या ओळीत, 'थांबला' अशा अर्थाचं एक साधंसुधं इंग्रजी क्रियापद आहे. त्यात 'पी' हे अक्षर दोनदा यायला हवं. कंपोझिटरचा हात कुठं रेंगाळला कोण जाणे, ते तीनदा आलं. थांबायचा शब्दच वेळेवर थांबला नाही. पुढे कुणाच्या तरी ते लक्षात आलं, जादा 'पी' उपटला गेला आणि शुद्धलेखनाच्या दृष्टीनं सगळं सुरळीत झालं.

पुस्तकं जमवणाऱ्यांच्या जगात मात्र बिघाडाला सुरुवात होते ती इथून. तिथं तीन 'पी'ची प्रत ती खरी, अव्वल, पहिल्या खेपेची. दोन 'पी'ची प्रत म्हणजे नुसतंच एक पुस्तक.

हे हेमिंग्वेच्याच वाट्याला यावं, याची मला मोठी गंमत वाटते. फालतू शब्द काढून टाकण्यावर ज्या लेखकाची अख्खी कीर्ती उभी आहे, त्याच्या कादंबरीचा भाव एका फालतू अक्षरावर ठरतो. तसा जादा अक्षराचा हा योग जुनाच. १९२४ साली स्कॉट फिट्झजेराल्डनं स्क्रिब्नर्सचा संपादक मॅक्स पर्किन्स याला पत्र लिहून कळवलं, की पॅरिसमध्ये एक होतकरू तरुण आहे, त्याच्यावर लक्ष ठेवा. त्या शिफारसपत्रात हेमिंग्वे या नावात त्यानं एक 'एम' जास्त घातला होता. फिट्झजेराल्डचं स्पेलिंग कच्चं, पर्किन्सचंही यथातथाच, आणि खुद्द लेखकही त्या बाबतीत काही पक्का नव्हे. तीन मोठ्या माणसांच्या हाताखालून एक 'पी' निसटला तर नवल कसलं!

या विद्येशी माझी ओळख भाच्यामुळे झाली. तो न्यू जर्सीत असतो, पुलांचे हिशेब करतो आणि उरलेल्या वेळात हेमिंग्वे जमवतो. 'वाचतो' असं मी म्हटलेलं नाही. त्या मुद्द्याकडे नंतर येऊ. त्याच्या तळघरात दमट हवा शोषून घेणारं एक यंत्र दिवसरात्र घुरघुरत असतं आणि पुस्तकं पारदर्शक प्लास्टिकचे झगे घालून उभी असतात. मी पहिल्यांदा तिथं उतरलो तेव्हा त्यानं आधी मला हात धुऊन, नीट कोरडे करून यायला सांगितलं. पांढरे हातमोजे वगैरे नाटकातच, म्हणाला. मोजे घातले की बोटांना पान कळत नाही आणि ते फाटतं. त्याची बायको जिन्यावरून हे ऐकत होती. ती म्हणाली, "मामा, ह्याला भाजीत मीठ जरा कमी पडलेलं चालत नाही, पुस्तकात मात्र चुका हव्यात."

आता, 'पहिली आवृत्ती' हा प्रकार ऐकायला सोपा वाटतो. आपल्याकडे पुस्तकाचं पहिलं-दुसरं पान उलटलं की स्वच्छ लिहिलेलं असतं : प्रथमावृत्ती, गुढीपाडवा किंवा विजयादशमी, शके अमुक. खाली पुनर्मुद्रणांची उतरंड, आणि ती जितकी लांब तितका प्रकाशक खूश. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकातल्या प्रत्येक प्रकाशकानं आपली आपली सांकेतिक लिपी काढली होती. स्क्रिब्नर्स १९३०च्या सुमारापासून कॉपीराइटच्या पानावर एक एकुलता एक 'ए' छापू लागले. हा 'ए' असेल तर पहिली छपाई. रँडम हाउसची तऱ्हा त्याहून न्यारी. पुढच्या काळात ते पहिल्या छपाईवर 'फर्स्ट एडिशन' असे शब्द टाकत आणि खाली आकड्यांची ओळ दोनपासून सुरू करत. दुसऱ्या छपाईला ते शब्द काढले की आपोआप दोनचा आकडा उरला! छापखान्याच्या सोयीचा हा हिशेब बिनतोड आहे; फक्त एकचा आकडा शोधणारा ग्राहक दोन पाहून पुस्तक खाली ठेवतो, एवढंच.

बरं, नियम पाठ केला तरी सुटका नाही. हेमिंग्वेची 'अ फेअरवेल टू आर्म्स' स्क्रिब्नर्सचीच, पण १९२९ सालची, म्हणजे 'ए' सुरू होण्याच्या आधीची. तिथं 'ए' शोधत बसलं तर हाती आलेलं घबाड सोडून द्यावं लागेल. तिथं वेगळी खूण पाहायची. सुरुवातीच्या रोमन आकड्यांच्या पानांमध्ये दहाव्या पानावर 'या पुस्तकातलं कोणतंही पात्र हयात व्यक्तीवर बेतलेलं नाही' अशा आशयाची एक सूचना नंतरच्या छपाईत आली. पहिल्यात ती नाही. म्हणजे काय पाहायचं, तर काय नाही ते पाहायचं.

ही कादंबरी म्हणजे तीच, जिचा शेवट आपण ३९ वेळा लिहिला असं हेमिंग्वेनं १९५८च्या 'पॅरिस रिव्ह्यू'मधल्या मुलाखतीत सांगितलं आहे. एवढा घाम गाळून लिहिलेल्या त्या शेवटच्या पानाकडे खरेदीदार ढुंकूनही पाहत नाही. तो दहावं रोमन पान उघडतो, तिथं काहीही नाही हे पाहून त्याचा चेहरा उजळतो आणि पुस्तक मिटतो. मग जॅकेटची आतली घडी पाहतो. तिथं कथेचा गोषवारा छापताना नायिकेच्या नावाचं आणि आडनावाचं, दोन्हींचं स्पेलिंग चुकलेलं असलं की सोन्याहून पिवळं. जिच्यासाठी पुस्तकातला नायक युद्ध सोडून पळाला, तिचं नाव प्रकाशकाला धड लिहिता आलं नाही, याबद्दल शंभर वर्षांनी माणसं पैसे मोजतात.

१९४०च्या 'फॉर हूम द बेल टोल्स'चं तर भाच्यानं मला प्रात्यक्षिकच दाखवलं. पुस्तकाला दोन्ही तळहातांवर घेऊन त्यानं ते पालथं केलं. जॅकेटच्या मागच्या बाजूला हेमिंग्वे टाइपरायटरवर वाकलेला आहे, मोठा फोटो. "आता फोटोच्या खाली बघा," तो म्हणाला. मी चष्मा पुसून पाहिलं. खाली कोरा कागद. "दिसलं?" त्यानं विचारलं. काही दिसत नाही, असं मी म्हणताच तो इतका खूश झाला की मला वाटलं माझी थट्टा चालली आहे. पण तीच खूण होती. फोटो सन व्हॅलीच्या लॉइड अरनॉल्ड या छायाचित्रकाराचा. पहिल्या जॅकेटवर त्याचं नाव टाकायचं राहून गेलं, पुढच्यांवर आलं. त्या बिचाऱ्याला श्रेय मिळालेली प्रत स्वस्त, न मिळालेली महाग. पहिली छपाई होती ७५,००० प्रतींची, म्हणजे पुस्तक तसं दुर्मीळ नव्हेच. पण इतक्या गर्दीतही जॅकेट धड असलेली प्रत हुडकावी लागते.

जॅकेट हा या सगळ्या धंद्याचा प्राण. मुळात ती दुकानातून घरापर्यंत धूळ लागू नये म्हणून घातलेली कागदी गुंडाळी. लोक घरी येऊन ती काढत आणि केरात टाकत. वाचनालयं तर नव्या पुस्तकाचं पहिलं काम म्हणून ती ओरबाडत, मग बांधणी पक्की करून शिक्के मारत. हेमिंग्वे स्वतः काय वेगळा होता? फिट्झजेराल्डनं त्याला 'द ग्रेट गॅट्सबी' वाचायला दिली, तेव्हा ते भडक जॅकेट बघून त्याला लाजल्यासारखं झालं आणि ते काढून ठेवूनच त्यानं पुस्तक वाचलं. ही हकीकत त्यानं 'अ मूव्हेबल फीस्ट'मध्ये लिहून ठेवली आहे. निळ्या रात्रीवर तरंगणारे ते डोळे, फ्रान्सिस कुगाटनं काढलेलं ते चित्र, आज अमेरिकेतल्या सगळ्यात प्रसिद्ध जॅकेटांत मोडतं. १९२५च्या पहिल्या छपाईची प्रत या कागदासकट असेल तर तिची किंमत बिनजॅकेटच्या प्रतीच्या कित्येक पट होते. तोही कागद कसा हवा? पाठीमागच्या मजकुरात गॅट्सबीच्या पहिल्या नावातला 'जे' चुकून लहान लिपीत पडलेला आणि मग कुणीतरी त्याला शाईनं मोठा केलेला. गॅट्सबीच्या २०,८७० प्रती निघाल्या होत्या. त्यानंतरची ३००० प्रतींची दुसरी छपाई १९४० साली फिट्झजेराल्ड वारला तेव्हाही पुरती खपली नव्हती; उरलेल्या प्रती गोदामात पडून होत्या. जिवंतपणी ज्याचं पुस्तक हलत नव्हतं, त्याच्या पुस्तकाचं वेष्टन आता विमा उतरवून प्रवास करतं.

आपल्याकडे जून महिन्यात शाळेच्या पुस्तकांना खाकी कागदाचं कव्हर चढायचं. मूळ चित्र झाकायचं आणि वर लेबल लावून तुकडी लिहायची. या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे जॅकेटप्रेम झेपायला वेळ लागतो.

पुस्तक एकीकडचं आणि जॅकेट दुसरीकडचं, असा संबंध जुळवून देणारे लोकही आहेत. बांधणी फाटलेल्या एका प्रतीचं चांगलं जॅकेट काढायचं आणि जॅकेट नसलेल्या धडधाकट प्रतीला घालायचं. इंग्रजीत अशा जोडीला विवाहितच म्हणतात. पण इथंही पत्रिका पाहावी लागते. तीन 'पी'च्या 'सन'ला जॅकेटही त्याच खेपेचं लागतं, ज्याच्या दर्शनी भागावर हेमिंग्वेच्या आधीच्या 'इन अवर टाइम' या पुस्तकाच्या नावाला चुकून शेवटी एक 'एस' चिकटलेला आहे. आत एक जादा अक्षर, बाहेर एक जादा अक्षर, असे गुण जमले तरच संसार सुखाचा. प्रामाणिक विक्रेता हे लग्न नंतरचं आहे असं सांगतो. बाकीच्यांकडे हल्ली रंगीत छपाईचं यंत्र असतं.

खरं तर ही खुणांची यादी जमवणारे लोक मला संग्राहकांपेक्षा जास्त आवडतात. कॅप्टन लुई हेन्री कोननं १९३१ सालीच हेमिंग्वेच्या पुस्तकांची सूची छापली. लेखक तेव्हा जेमतेम बत्तिशीचा. ऑड्री हॅनमन या बाईंनी १९६७ साली प्रिन्स्टन विद्यापीठातर्फे जाडजूड ग्रंथसूची काढली आणि पुढे तिला पुरवणीही जोडली. कापडाचा रंग, लेबलांचा कागद, पानांचा आकार, कुठल्या पानाच्या कुठल्या ओळीत काय चुकलं. असल्या कामासाठी एक यंत्रही आहे. चार्ल्टन हिनमननं शेक्सपिअरच्या फर्स्ट फोलिओच्या प्रती ताडून पाहण्यासाठी ते बनवलं. दोन प्रतींची तीच पानं आरशांतून एकमेकांवर टाकायची आणि दिवे आळीपाळीनं लावायचे. सारखं असेल ते स्थिर राहतं, वेगळं असेल ते लुकलुकतं. त्या लुकलुकणाऱ्या अक्षरापुढे तासन् तास बसलेल्या माणसाला कथानक विचारू नये. स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन'मध्ये तर अशीच खूण म्हणजे ८८ या पृष्ठांकातल्या दोन आठांच्या मधोमध पडलेला ठिपका. ठिपका! माझ्यासारखा माणूस माशीनं केला असेल म्हणून खोडरबर शोधेल.

याच्या उलट, जी खूण सापडू नये अशी प्रार्थना करायची ती बुक क्लबची. महिन्याला एक पुस्तक घरपोच पाठवणारी ही मंडळं. त्यांच्या प्रती लांबून मूळ प्रतीसारख्याच दिसतात, पण भाव कवडीमोल. पुढच्या काळातल्या बऱ्याच प्रतींवर मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक खळगा असतो. शाई नाही, रंग नाही, नुसता दाब. भाचा जुन्या बाजारात पुस्तक उचलतो ते डोळ्यांनी पाहत नाही. नजर दुकानदाराकडे, तोंडानं हवापाण्याच्या गप्पा आणि अंगठा पुस्तकाच्या पाठीवर त्या कोपऱ्यात हळूहळू फिरत असतो. खळगा लागला की पुस्तक तिथंच खाली. मग आतल्या घडीच्या कोपऱ्यात किंमत छापलेली आहे का ते पाहायचं. बुक क्लबच्या जॅकेटवर किंमत नसते. पण मूळ प्रत असूनही कोपरा कापलेला असू शकतो, कारण भेट देणाऱ्यानं सभ्यपणे किंमत कातरून टाकलेली असते. आपल्याकडे ती बॉलपेननं अशी काळजीपूर्वक खोडतात की उजेडात धरली तर सहज वाचता येते. संग्राहकाला दोन्ही गुन्हे सारखेच. 'चि. अमक्यास मुंजीनिमित्त सप्रेम' हा तिसरा. देणारा खुद्द लेखक असेल तर मात्र आशीर्वादाला भाव येतो.

हेमिंग्वेच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपुढे हे बाकी सगळं किरकोळ. पहिलं, 'थ्री स्टोरीज अँड टेन पोएम्स', १९२३ साली पॅरिसमध्ये रॉबर्ट मॅकअल्मननं काढलं. अवघ्या ३०० प्रती. पुस्तक एवढंसं का, तर आदल्या डिसेंबरात हॅडली, हेमिंग्वेची बायको, त्याच्याकडे स्वित्झर्लंडला निघाली असताना पॅरिसच्याच लिओन स्टेशनावर तिची पेटी चोरीला गेली आणि तिच्यात त्याचं जवळजवळ सगळं लिखाण होतं, कार्बन प्रतींसकट. छपाई दिजोंच्या मॉरिस दारांतिएरची. जॉइसची 'युलिसिस'ही त्यानंच छापली होती आणि तिच्यातल्या मुद्रणदोषांबद्दल प्रकाशिकेनं पुस्तकातच क्षमा मागितली होती, यावरून मुद्रणाचं मान कळावं. त्यानंतरचं पुस्तक १९२४चं, 'इन अवर टाइम', नाव सगळं लहान लिपीत. बिल बर्डनं सेन नदीतल्या बेटावर हातयंत्रावर, हातकागदावर छापलं. ३०० प्रतींचा बेत होता. पण लेखकाच्या लाकडी ठशाच्या चित्राची शाई कागदाच्या पार निघाली आणि विकण्याजोग्या १७० प्रतीच हाती लागल्या. बाकीच्या मित्रांना आणि समीक्षकांना वाटून टाकल्या. आज त्या वाया गेलेल्यांपैकी एक जरी मिळाली, तरी भाचा पुलांचे हिशेब सोडून देईल.

भाच्याकडे या दोघांपैकी काही नाही. 'सन'ची प्रत आहे, दोन 'पी'ची. तिच्याबद्दल तो फारसं बोलत नाही.

वाचण्याचं म्हणाल, तर मी त्याला सरळ विचारलं. त्यानं खालच्या कप्प्यातून पेपरबॅकचा एक गठ्ठा काढला. कोपरे दुमडलेले, पाठी मोडलेल्या, एकावर कॉफीचं वर्तुळ. "वाचायच्या या," तो म्हणाला. वरची मंडळी वाचायची नसतात. ती बिघडू नयेत म्हणून ही खालची. मला ते पटलं नाही आणि त्याला माझं पटलं नाही. माझ्या मते पुस्तकाला वाचणाऱ्याचा हात लागलेला दिसावा. तो म्हणाला, मामा, तुमच्यासारख्यांनी हात लावले म्हणून तर उरलेल्यांना किंमत आहे. याला उत्तर नव्हतं.

'द ओल्ड मॅन अँड द सी'पाशी मात्र त्याचं शास्त्र जरा लटपटतं. त्या म्हाताऱ्याशी माझी ओळख पु. लं.च्या 'एका कोळियाने'तून झाली, आणि ती प्रत कितव्या आवृत्तीची हे पाहायचं मनातही आलं नव्हतं. भाच्याकडे स्क्रिब्नर्सची आहे, ८ सप्टेंबर १९५२ची. फिकट निळं कापड, आत 'ए' जागच्या जागी, जॅकेटवर हेमिंग्वेच्या तरुण व्हेनिसवासी मैत्रिणीनं, आद्रियाना इव्हान्चिचनं काढलेलं चित्र. तीन डॉलर किंमत घडीवर शाबूत. सगळं मनासारखं. पण अख्खी कादंबरी त्याच्या आठवडाभर आधी, १ सप्टेंबरच्या 'लाइफ' साप्ताहिकात छापून आली होती. अंकाची किंमत २० सेंट. दोन दिवसांत पन्नास लाखांहून अधिक अंक खपले. म्हणजे पहिलं ते हे. 'ए' नाही, खळगा नाही, जास्तीचं अक्षर शोधायचं नाही. तारीख मुखपृष्ठावर ठळक. आणि इतके अंक निघाले आणि इतक्या लोकांनी जपून ठेवले, की भाव काही चढत नाही.

भाच्याकडे तो अंक आहे, प्लास्टिकचा झगा न घातलेला. मी दुपारभर सोफ्यावर लोळून वाचला. म्हाताऱ्याच्या होडीभोवती मोटारींच्या जाहिराती. त्यानं एकदा डोकावून पाहिलं, पण हात धुतलेत का विचारलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाला, "न्या हवा तर. बॅगेत कपड्यांच्या खाली टाका, त्याला काही होत नाही."